आधी मोठ्याचं नाव

दहिवली, कर्जत
१८ नोव्हेंबर १९७५

ती. अण्णा,

नमस्काराच्या ओळी रीतसर लिहायला आज मन थाऱ्यावर नाही. पोस्टात पत्रं फोडतात असं सगळे म्हणतात, म्हणून हे वाल्मिकच्या टेंपोतून पाठवते आहे. तो तुमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीत भाजी घेऊन येतोच. वाचून झालं की जाळून टाका.

तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या धाकट्या भावाला धरलं. ठाकुरवाडीला, गोमाच्या झोपडीतून. आणीबाणीविरुद्ध चार पत्रकं छापून वाटली म्हणून शाळेतली नोकरी, घर, आजारी आई, मी, सगळं मागे टाकून हे जुलैपासून त्या रानात राहिले होते. पोलीस आले ते सरळ त्याच झोपडीवर. वाडीत एवढी घरं, पण दुसऱ्या एकाही दारात त्यांनी विचारलं नाही. म्हणजे कोणीतरी बोट दाखवलं.

कोणी, ते मी दिवसभर मनात घोळवते आहे. ठाऊक कोणाला होतं? मला. गोमाला, आणि तो गरीब माणूस स्वतःच मार खाऊन आला आहे. आणि आईंना. त्या जेवेनात म्हणून मीच त्यांच्या कानात सांगितलं होतं. त्या तर अर्धांगाने खाटेला खिळलेल्या, जाणार कुठे?

माझा संशय आमच्या पुढच्या खोलीवर आहे. जूनमध्ये ती खोली मी सरकारी दवाखान्यातल्या नर्सला दिली, तुम्ही पाहिलंत तिला. नाव एस्तेर, आडनाव चक्रनारायण. नगरकडची ख्रिस्ती. कपाळ मोकळं, पांढरं पातळ, बोलणं मात्र आपल्यासारखंच, एवढं की ऐकून चमकायला होतं. ती लस टोचायला गाडीने ठाकुरवाडीला जाते, डोंगरातल्या झोपड्या पायाखाली घालते. पगार सरकारचा. आणि ह्यांना धरलं त्या दिवसापासून माझ्याकडे पाहताना ती मान खाली घालते. बिनदोषी माणूस मान खाली का घालील?

आईंचे फार हाल आहेत. जेवत नाहीत. बऱ्या हाताने स्वतःच्याच तोंडात मारून घेतात आणि "माझी जीभ झडो" म्हणतात. ह्यांना कधी रागाने काही बोलल्या असतील, ते आठवत असावं. तुम्ही दिवाळीच्या पाडव्याला येऊन त्यांच्या उशाशी बसला होतात तेव्हा किती खुलल्या होत्या! पुन्हा एकदा या. तुमच्याशिवाय आता या घराला पुरुषमाणूस नाही.

मालती


दहिवली
९ डिसेंबर १९७५

ती. अण्णा,

वाल्मिकने तांदूळ आणि सुकट पोचती केली. कारखान्यात कामाचा रेटा आहे म्हणून तुम्हाला येता येत नाही, तेही त्याने सांगितलं. तुमच्यामुळे चूल पेटते आहे, हे मी विसरणार नाही. ह्यांना नाशिकच्या तुरुंगात हलवलंय. पत्र आलं, त्यातल्या निम्म्या ओळींवर काळं फासलेलं. उरलेल्यांत आईंच्या पायाची चौकशी.

आईंबद्दलच लिहायला बसले आहे. त्या शांत झाल्या आहेत, अण्णा. मला ती शांतता खरी वाटत नाही.

पंधरवड्यापूर्वीपर्यंत त्यांचं ओरडणं शेजारच्या मोतीबाईंच्या ओटीपर्यंत जायचं. आता सकाळी स्वतःहून पेज मागतात. केस विंचरून घेतात. पोटचा मुलगा तुरुंगात असताना बाई एवढी स्वस्थ कशी? हे सगळं नर्स त्यांच्याजवळ बसायला लागल्यापासूनचं आहे. ती ड्युटीवरून आली की पाय धुते आणि थेट आईंच्या खोलीत. पायाला तेल चोळते, म्हणून मी काही म्हणू शकत नाही. पण तेल लावताना ओठ हलत असतात. नंतर काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढते, हळू आवाजात वाचते. मी आत गेले की वाचणं थांबतं.

पहिल्यांदा वाटलं, ही काहीतरी गुंगीचं देत असणार. एक गोळी मी पदराला बांधून डॉक्टरांकडे नेली. ते हसले. ताकदीची गोळी होती, साधी. डॉक्टर हसले तसं आणखीच वाटलं की हेही तिचेच.

मग मी दाराआड उभी राहून ऐकलं. आई तिला म्हणत होत्या, "एस्तेर, हे छातीवरचं ओझं मला सोसत नाही गं." ती म्हणाली, "तुम्ही एकट्या कशाला उचलता, आजी? त्याच्यापुढे ठेवा की. तो कोणाला सांगायला जात नाही."

कसलं ओझं? आणि हा 'तो' येशूच असणार, पण सांगायला जात नाही म्हणजे काय? मला त्या वाक्यात दुसराच वास येतो.

आता आई सकाळी डोळे मिटून दोघा मुलांची नावं घेतात. आधी तुमचं, मग ह्यांचं. खरं सांगू, मला जरा लागलं. तुरुंगात तर हे आहेत. मी विचारलंसुद्धा. म्हणाल्या, "मोठ्याला जास्त गरज आहे." तुमची तब्येत बरी आहे ना?

मोतीबाई म्हणतात, म्हातारीला बाटवणार ही. आपल्या देव्हाऱ्यातले देव जागेवर आहेत, आई मला त्यांना फूल वाहायलाही सांगतात. पण मी लक्ष ठेवून आहे.

मालती


दहिवली
१५ जानेवारी १९७६

ती. अण्णा,

तिळगूळ पाठवते आहे. उमावहिनींना नमस्कार. यंदा मी हळदीकुंकू केलं नाही. केलं असतं तरी कोण आलं असतं? तुरुंगातल्या माणसाच्या घरी पाय ठेवायला बायका कचरतात. बाजारात लांबून मान हलवतात आणि रस्ता ओलांडतात. मीही आता समोरचा माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो कोणाचा असेल याचाच विचार करते. दूधवाला दोनदा "साहेबांचं पत्र आलं का?" म्हणाला, तर त्याचं दूध मी बंद केलं.

काल संध्याकाळी नर्स आईंना एक गोष्ट सांगत होती. मी भिंतीला टेकून सगळी ऐकली. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा वाटणी घेऊन परमुलखात जातो, सगळं उधळतो, डुकरं राखतो, आणि शेवटी फाटक्या कपड्यांनी परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. ही गोष्ट मी शाळेत असताना कधीतरी ऐकली होती. पण आई मध्येच म्हणाल्या,

"आणि मोठा?"

"मोठा शेतावरून आला. घरात गाणंबजावणं चाललेलं ऐकलं आणि अंगणातच थांबला. रागावला होता. आत येईना."

"मग?"

"मग बाप बाहेर गेला, आजी. पंगत सोडून. त्याची विनवणी करायला."

"आला का तो आत?"

"ते येशूने सांगितलं नाही."

मग आई म्हणाल्या, "सांगितलं नाही म्हणजे अजून यायचा असेल."

आणि रडल्या. पण ते पूर्वीसारखं ओरडणं नव्हतं.

मला राहवलं नाही. नर्स बाहेर आली तशी मी तिला अडवलं. म्हटलं, "माझ्या सासूला रडवायचं कारण? आणि एकदाच खरं सांगा, ह्यांचा ठावठिकाणा पोलिसांना तुम्हीच दिलात ना?"

ती चिडली नाही. तिने चिडायला हवं होतं. नुसतं म्हणाली, "मी नाही सांगितलं, वहिनी."

"मग कोणी?"

"ते मला विचारू नका."

बघा अण्णा! 'मला माहीत नाही' असं नाही म्हणाली. विचारू नका म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक आहे. मी पुष्कळ बोलले, ओटीवर उभी राहून, चार घरांना ऐकू जाईल असं. तिला घरभेदी म्हटलं. तिने खाली मानेने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलाची वाटी घेऊन आईंच्या खोलीत!

मी तिला खोली सोडायला सांगितलं तर आई जेवण सोडतील अशी भीती वाटते. पण तिची बदलीच झाली तर? जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात तुमची ओळख आहे असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. एवढं माझ्यासाठी करा. ती इथून गेली की मला झोप तरी लागेल.

मालती


दहिवली
२० फेब्रुवारी १९७६

ती. अण्णा,

तुमचा शब्द चालला. नर्सची बदली पोलादपूरला झाली. सोमवारी गेली. एक ट्रंक, एक वळकटी. जाताना आईंच्या पाया पडली, आईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. मला म्हणाली, "पायाला तेल रोज लावा, वहिनी. डावीकडून सुरुवात करा, उजवा दुखतो त्यांना." रागाचा एक शब्द नाही. मी दार लावून घेतलं.

आई जेवण सोडतील असं वाटलं होतं. नाही सोडलं. पण त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मीच आजारी आहे.

आणि काल गोमा आला. ह्यांना धरलं त्यानंतर प्रथमच. रानातले कंद घेऊन आला होता. ओटीच्या कडेला बसला, रिकामी खोली बघून म्हणाला, "नर्सबाय कुठं गेली?"

मी म्हटलं, "गेली. तिनेच सांगितलं ना पोलिसांना."

तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "त्या बायनी? नाय गं बाय. तिला तं मास्तरांचा आखाडापासून ठावं व्हता. मास्तरांचा पाय कातळावर फाटला, तवा तिनीच टाके घातलं. माज्या पोरांना लस टोचाया येयाची, तवा मास्तरांना भाकर बांधून आनायची. तिला सांगायचा असता तं तवाच नसता का सांगला?"

आखाडापासून. म्हणजे मला ठावठिकाणा कळायच्या आधीपासून ती ह्यांची काळजी घेत होती, आणि माझ्यासमोर अवाक्षर काढलं नाही.

रात्रंदिवस आता एकच विचार आहे, अण्णा. ती नाही, गोमा नाही, मी नाही. मग आई उरतात. आईंना भेटायला त्या दिवसांत बाहेरचं कोणीही आलं नव्हतं. पाडव्याला फक्त तुम्ही आला होतात.

आईंशी तुमचं काय बोलणं झालं होतं? मी सहज विचारते आहे.

मालती


दहिवली
६ मार्च १९७६

अण्णा,

तुमचं उत्तर आलं नाही. वाल्मिक म्हणतो, पत्र तुमच्याच हातात दिलं, तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत आणि आत गेलात.

मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बस इथे. तू विचारशील म्हणून मी थांबले होते, पण त्या पोरीला घालवलंस तेव्हाच मी बोलायला हवं होतं." आणि सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुम्हाला त्यांचा आवाज ऐकू येईल.

"पाडव्याला अण्णा आला. म्हणाला, आई, डोंगरात थंडी पडली असेल, मुकुंदाला काही पाठवायचं तर कुठे पाठवू? मी सांगितलं. आई आहे मी. एका पोराने दुसऱ्याचा पत्ता विचारला तर लपवू कशाला? आठवडा गेला नाही तोच त्याला धरलं. आणि अण्णा आला नाही. तो आला नाही ना, तेव्हाच मला कळलं."

तांदूळ आले, सुकट आली, तुम्ही आला नाहीत. आणि मी मूर्ख, तुमच्या तांदळाचे आभार मानत बसले! ज्या बाईने तुमच्या भावाचा पाय शिवला तिला घालवायला मी तुमच्याकडे पदर पसरला, आणि तुम्ही, सगळं ठाऊक असताना, तिला घालवलंत. पहिलं तुम्ही भीतीने केलं असेल. हे दुसरं कशाने केलंत?

आईंना मी विचारलं, "इतके दिवस गप्प का राहिलात?" म्हणाल्या, "आपल्या पोटच्या पोरावर संशय घेऊन जगणं काय असतं ते तुला नाही कळायचं. तुला सांगितलं असतं तर तू त्याला कायमचं तोडलं असतंस. मी वेडी व्हायची राहिले होते, मालती. एस्तेरला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, छे, असं कसं असेल. ती म्हणाली, 'असेलही, आजी. मग आता त्याचं काय करायचं ते येशूला विचारू या.' मी विचारत राहिले. रोज. एक दिवस उठले तर अण्णाचा राग शोधूनही सापडेना. नुसती त्याची दया आली. लहानपणी काही फोडलं की हा असाच लपून बसायचा."

ही तुमच्या आईची शांतता. मी तिला गुंगीचं औषध समजत होते.

माझ्याकडे तसलं काही नाही. मला तुमचा राग शोधावा लागत नाही. तांदूळ पुन्हा पाठवू नका. आले तर नदीत ओतीन.

मालती


दहिवली
३ मे १९७६

अण्णा,

पत्र लिहिणार नव्हते. आईंनी लिहायला लावलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दाराबाहेर काय झालं ते त्याला ठाऊक आहे. त्यानंतरचं सांग."

तरी दाराबाहेरचंही लिहिते. तुम्ही आतून किती ऐकलंत ते मला माहीत नाही.

एप्रिलातल्या त्या रविवारी आईंनी सकाळीच सांगितलं, "मला मोहोपाड्याला ने. आज येशू उठला तो वार आहे, एस्तेरने जाताना सांगून ठेवलं होतं. आज मीही उठते." मी खूप वाद घातला. शेवटी वाल्मिकच्या टेंपोत गादी टाकली, मोतीबाईंच्या मुलांनी उचलून आईंना निजवलं. चौक गावापर्यंत रस्त्याने नुसती हाडं खिळखिळी झाली. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

उमावहिनींनी दार उघडलं आणि आम्हाला बघून लोटून घेतलं. फटीतून म्हणाल्या, "हे घरात नाहीत." तुमच्या चपला पायरीवर होत्या, अण्णा.

मी निघा म्हटलं. आई म्हणाल्या, "मला पायरीवर बसव." कॉलनीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. मला लाजेने मेल्यासारखं झालं. आई मात्र आपल्याच अंगणात बसल्यासारख्या दाराकडे तोंड करून बोलायला लागल्या. "अण्णा, मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू आत आहेस ते मला ठाऊक आहे. मला पाणी नको, काही नको. मुकुंदाला मीच समजावीन. तू फक्त घरी ये. मी जिवंत आहे तोवर ये." थोडा वेळ थांबायच्या आणि पुन्हा तेच. ऊन डोक्यावर आलं, वहिनींनी बाहेर येऊन त्यांच्या डोक्यावर पदर धरला. त्या रडत होत्या. हळूच मला म्हणाल्या, "त्यांना बोलावून नेलं होतं गं. भावाचा पत्ता सांग नाहीतर तूही आत जाशील, घर जाईल, असं दरडावलं. तेव्हापासून ते धड जेवत नाहीत."

दार उघडलं नाही. परत येताना आई टेंपोत चक्क झोपल्या. मला वाटलं होतं, त्या खचतील. मी विचारलं, "तो आला नाही, तरी तुम्हाला झोप येते?" म्हणाल्या, "मी गेले होते ना बाहेर. आता त्याचं तो बघेल, आणि वर आहे तो बघेल."

हे आता त्यानंतरचं.

मी पोलादपूरला जाऊन आले. एस्तेरबाईंची क्षमा मागायची होती. दवाखान्याच्या मागे स्टोव्हवर सुया उकळत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला पाटावर बसवलं, चहा टाकला. मी म्हटलं, "मी तुम्हाला काय काय बोलले! तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" म्हणाल्या, "आजींनी विश्वासाने सांगितलं होतं. ते माझं नव्हतं द्यायला."

"आणि माझा राग नाही आला?"

"आला ना. पुष्कळ आला. त्या रात्री मी तुमच्या नावाने रडले." मग बराच वेळ सुया हलवत राहिल्या. "वहिनी, माझ्या मालकांना त्यांच्या सख्ख्या भावाने मारलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. मी तीन वर्षं त्याच्या मरणाची वाट बघत होते. चर्चला जायचे, गाणी म्हणायचे, आणि आत हे. पुढे त्याची बायको अडली, गावात दुसरं कोणी नव्हतं. मी गेले. त्या दिवशी मी येशूला सांगितलं, मला हे जमत नाही, तूच कर माझ्या हातांनी. मूल झालं. मी बाहेर येऊन बसले तर छातीतलं काहीतरी सुटलेलं होतं. एका दिवसात नाही गेलं सगळं. पण सुटलं."

मी म्हटलं, "मला प्रार्थना येत नाही. आणि अण्णांबद्दल मनात फक्त शिव्या आहेत."

"मग शिव्याच सांगा त्याला. जे खरं आहे तेच सांगा. तो घाबरत नाही."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले आणि मनातल्या मनात सांगत गेले. तुमचं नाव घेऊन, तोंडाला येईल ते. माझा स्वतःचाही हिशेब आला त्यात, एस्तेरबाई, दूधवाला, सगळे. ऐकणारं कोणी आहे की नाही, मला कळत नव्हतं. माणगाव मागे पडल्याचं आठवतं. त्यानंतर पेणला कंडक्टरने खांद्याला हात लावून उठवलं. ह्यांना धरल्यापासून मी अशी झोपले नव्हते.

एवढंच. यात तुम्हाला क्षमा कुठे नाही, ते लक्षात घ्या. ती मला अजून येत नाही. दूधवाल्याला मात्र परत बोलावलं.

मालती


दहिवली
१३ फेब्रुवारी १९७७

अण्णा,

परवा तुम्ही येऊन गेलात. मी बाहेर आले नाही. तुम्ही जाताना स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंत, ते मी फटीतून पाहिलं. म्हणून हे पत्र.

हे गेल्या महिन्यात सुटले. वाळले आहेत, खोकतात, पण डोळे तेच. मी ठरवलं होतं की मीच सगळं सांगीन, एकेक शब्द. आईंनी मला सांगू दिलं नाही. पहिल्याच दिवशी ह्यांना खाटेशी बसवून त्यांनी स्वतः सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "पत्ता माझ्या तोंडून गेला, मुकुंदा. शिक्षा द्यायची तर मला आधी दे." हे उठले आणि निघून गेले. दोन दिवस घरी नाहीत. मी वेड्यासारखी झाले, मोहोपाड्याला तर गेले नाहीत ना! आई तेवढ्या स्थिर. नावं घेत होत्या, आधी तुमचं, मग ह्यांचं, आणि आता मागून माझंही.

हे ठाकुरवाडीला गोमाकडे जाऊन बसले होते. परत आले आणि आईंना म्हणाले, "तुरुंगात मी रोज त्या माणसाला मनात मारत होतो. तो अण्णा निघेल असं वाटलं नव्हतं." आईंनी त्यांचा हात धरून ठेवला. बस, एवढंच. मी एस्तेरबाईंना पत्र टाकलं, त्यांचं उलट टपाली कार्ड आलं. प्रार्थना करते म्हणाल्या, आणि तेल चालू आहे ना म्हणून विचारलं.

आणि परवा तुम्ही आलात. फाटकाशी उभे राहिलात, हातात काही नाही. हे ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, आणि तुम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिलात. तेवढ्यात आई आतून म्हणाल्या, "कोण आलंय? अण्णा आलाय ना? मुकुंदा, मला उचल."

ह्यांनी उचललं. अण्णा, मी काय सांगू! ह्यांच्यात स्वतःलाच चालायचं त्राण नाही, पण आईंना दोन्ही हातांवर घेऊन हे पायऱ्या उतरले, अंगण ओलांडून फाटकापर्यंत आले. आईंनी तुमच्या मानेत हात टाकला. तुम्ही मोठ्याने रडलात. आमच्या आळीने ते ऐकलं, आणि या वेळी मला कोणाचीही लाज वाटली नाही.

पण मी बाहेर आले नाही.

तुम्हाला वाटलं असेल, मी अजून तशीच आहे. तशी मी आहेही थोडी. चुलीपुढे उभी राहून मी विचार करत होते, की हा माणूस आत्ताच का आला? आता निवडणुका आहेत, भीती गेली, म्हणून आला? मागच्या वर्षी आई उन्हात पायरीवर बसल्या तेव्हा का नाही? हा संशय माझ्या हाडात शिरला आहे. बाहेर सगळे रडत होते आणि मी आत हे मोजत होते. मग मला माझीच भीती वाटली. मी येशूला म्हटलं, (आता मी त्याच्याशी बोलते, आईंना ठाऊक आहे, ह्यांना अजून सांगितलेलं नाही) म्हटलं, हा खोटा असेल तर असू दे, ते तू बघ, पण मला या चुलीपुढून हलव. मी चहा टाकला. चार कप काढले. ओतून बाहेर आणला तोवर तुम्ही निघून गेला होतात. शेवटची गाडी गाठायची होती म्हणे.

हे म्हणाले, "तू आली नाहीस म्हणून गेला तो."

काल आईंनी मला जवळ बोलावलं. बाप्तिस्म्याचं पाणी घ्यायचं त्यांच्या मनात आहे, एस्तेरबाई आल्या की त्याबद्दल बोलू, असं मागेच म्हणाल्या होत्या. मी विचारलं, "त्यासाठी कोणाला बोलवायचं का?" तर म्हणाल्या, "पाण्याचं मग बघू. आधी तू आणि अण्णा एका पंगतीला बसा. मला तेवढं बघू दे."

म्हणून लिहिते. रविवारी या. उमावहिनींना घेऊन या, दुपारी जेवायलाच या. फाटक मी उघडीन. जेवताना तुमच्याशी काही बोलेन की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. पण वाढीन मी माझ्या हाताने.

मालती